गाणे कागदावर उतरताना: एका अभ्यास-प्रकल्पाच्या नोंदी

८ जुलै

निबंध, गाणी आणि सांस्कृतिक कल्पना यांना विद्यार्थ्याने दिलेला प्रतिसाद, एवढाच ऐसपैस विषय विभागाकडून हाती आला होता आणि तो आवाक्यात आणणे हेच पहिले काम होते. बऱ्याच याद्या खोडून झाल्यावर असे ठरवले आहे की ज्या निबंधकारांनी किंवा संग्राहकांनी दुसऱ्या कोणाचे तरी गाणे कागदावर उतरवले, त्यांचेच लेखन घ्यायचे. अशा लेखनात तिन्ही गोष्टी एकाच पानावर भेटतात: लिहिणाऱ्याचा विचार, गाणाऱ्याचे गाणे आणि हे गाणे एका माणसाचे नसून 'लोकांचे' आहे, ही दोघांच्या मध्ये उभी राहिलेली कल्पना.

वहीत प्रत्येक गाण्यासाठी चार रकाने आखले आहेत: कोणी गायले, कोणी ऐकले, कोणी लिहून घेतले आणि कोणी छापले. मार्गदर्शक बाईंना शंका आहे की रकान्यांमुळे प्रतिसाद कोरडा होईल. मला उलट भीती वाटते. 'हे गाणे मनाला भिडले' या वाक्याने सुरू होणारा प्रतिसाद बहुधा त्याच वाक्यापाशी संपतो. कोणी गायले हे विचारले की निदान पुढचे वाक्य लिहावे लागते.

१२ जुलै

सुरुवात सोळाव्या शतकातल्या माँतेन या फ्रेंच निबंधकारापासून केली. त्याच्या निबंधांची पहिली आवृत्ती १५८० साली निघाली आणि तिच्यातला नरभक्षकांविषयीचा निबंध ब्राझीलच्या आदिवासींबद्दल आहे. माँतेन स्वतः तिकडे कधी गेला नाही. त्याची माहिती मुख्यतः आली ती त्याच्या पदरी असलेल्या आणि त्या प्रदेशात दहाबारा वर्षे राहिलेल्या एका साध्या माणसाकडून. माणूस साधा असल्यामुळेच तो तिखटमीठ न लावता सांगतो, असे माँतेनचे मत आहे.

या निबंधात दोन गाणी आहेत. पहिले युद्धात पकडलेल्या कैद्याचे: सगळे मिळून या आणि मला खा, कारण तुमच्या बापजाद्यांना मी खाल्ले आहे आणि माझ्या मांसात तुम्हाला तुमच्याच मांसाची चव लागेल. दुसरे प्रेमगीत आहे आणि ते एका सापाला उद्देशून आहे: जरा थांब, तुझ्या अंगावरची नक्षी पाहून माझी बहीण एक सुंदर पट्टा विणील, तो मी माझ्या प्रियेला देईन आणि साऱ्या सापांमध्ये तुझ्याच रूपाला मान मिळेल. दिलेला भाग हे गाण्याचे ध्रुपद आहे, अशी टीपही माँतेन जोडतो. पुढे या गीतात रानटी असे काहीच नाही, ते थेट प्राचीन ग्रीक प्रेमगीतांच्या धाटणीचे आहे, असा निवाडाही देतो. सोळाव्या शतकातला युरोपीय गृहस्थ ज्यांना आसपासचे सगळे जंगली म्हणत होते, त्यांच्या गाण्याकडे काव्य म्हणून पाहतो, ही या निबंधाची थोरवी मला निर्विवाद वाटते.

तरीही पहिला रकाना रिकामाच राहतो. गाणाऱ्याचे नाव नाही, ऐकून सांगणाऱ्याचेही नाही. निबंधाच्या शेवटी रूआँ शहरात तीन आदिवासींची बाल राजा नववा चार्ल्स याच्याशी भेट झाल्याचा प्रसंग आहे. इथले काय नवल वाटले असे विचारल्यावर त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. त्यांतली तिसरी आपण विसरलो आणि त्याचे आपल्याला फार वाईट वाटते, असे माँतेन लिहितो. उरलेल्या दोन अशा: धिप्पाड, दाढीवाले, सशस्त्र पुरुष एका पोराची आज्ञा का पाळतात, आणि निम्मे लोक तुडुंब खात असताना उरलेले निम्मे दारोदार भीक मागत उभे असूनही त्यांचे गळे का धरत नाहीत. विसरल्याची कबुली छापणारा लेखक मला विश्वासार्ह वाटतो. मात्र या प्रसंगात राजाचे नाव आहे आणि त्या तिघांपैकी एकाचेही नाही.

आणखी एक गोष्ट इथे टिपून ठेवतो. माँतेन १५९२ मध्ये वारला तोवर छापील प्रतीच्या समासात भर घालत राहिला. लिहिलेले खोडणे त्याच्या स्वभावात फारसे नव्हते. आजच्या अभ्यासपूर्ण आवृत्त्यांत कोणते वाक्य केव्हा आले हे अक्षरखुणांनी दाखवतात, त्यामुळे निबंधकाराच्या मनाचे थर वाचकाला दिसतात. सर्पगीताला मात्र एकच थर आहे. ध्रुपद आहे म्हणजे ते पुन्हा पुन्हा म्हटले जात होते, आणि पुन्हा पुन्हा म्हटले जात होते म्हणजे थोडेफार बदलतही असणार. पण कागदावर ते एकदाच घडल्यासारखे उभे आहे.

१९ जुलै

'लोकगीत' ही कल्पना ज्याच्यामुळे युरोपात रूढ झाली, त्या हेर्डर या जर्मन विचारवंताकडे आज वळलो. ओसियन आणि प्राचीन लोकांची गीते यांविषयीचा त्याचा निबंध १७७३ चा असून तो पत्रांच्या रूपात आहे; त्याचा गीतसंग्रह १७७८ आणि १७७९ मध्ये आला. निबंधाची भाषा धावती आणि उद्गारचिन्हांनी भरलेली आहे. समाज जितका अनघड तितके त्याचे गाणे जिवंत, हा त्याचा मुख्य मुद्दा आणि कागदासाठी लिहिलेली कविता म्हणजे त्याला मेलेली कविता वाटते.

गंमत अशी की ज्या ओसियनच्या आधारावर हे सारे उभे आहे, तो प्राचीन स्कॉटिश कवी जेम्स मॅकफर्सनने १७६० पासून प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी गद्यकाव्यांतून जगापुढे आला होता. त्याच्या अस्सलपणावर इंग्रज समीक्षक सॅम्युएल जॉन्सनसारख्यांनी तेव्हाच शंका घेतली. पुढे १८०५ मध्ये चौकशी समितीचा अहवाल आला तेव्हा मॅकफर्सनने स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतल्या काही गीतांचा आधार घेतला असला तरी त्याच्या काव्यांशी जुळणारी मूळ संहिता सापडत नाही, असेच निघाले. म्हणजे हेर्डर ज्या आवाजाला सबंध जनतेचा आवाज समजत होता, त्यात एका लेखकाचा वाटा फार मोठा होता.

एवढ्यावरून हेर्डरला मोडीत काढणे सोपे आहे आणि बरेच टीकाकार तसे करतातही. मला महत्त्वाची वाटते ती वेगळी बाब. गाण्याला कर्ता नसणे हाच त्याच्या लेखी गाण्याच्या खरेपणाचा पुरावा होता. ही अट एकदा मान्य केली की गाणाऱ्याचे नाव लिहून घेण्याचे कारणच उरत नाही. उलट नाव लिहिले तर गाण्याची किंमत उतरते. चौथ्या रकान्यातला माणूस पहिला रकाना रिकामा ठेवण्यात स्वतःचा फायदा पाहू लागतो. पुढच्या सगळ्या वाचनात हा धागा तपासायचा आहे.

२३ जुलै

लेखक वॉल्टर स्कॉटने स्कॉटलंडच्या सरहद्दीवरची कथागीते जमवून १८०२ आणि १८०३ मध्ये छापली. त्याला गाणी देणाऱ्यांत मार्गारेट लेडलॉ ही वृद्ध स्त्री होती. कवी जेम्स हॉग तिचा मुलगा. तिने स्कॉटला सुनावलेले बोल हॉगने पुढे लिहून ठेवले आहेत. त्यांचा आशय असा: ही गाणी म्हणण्यासाठी होती, वाचण्यासाठी नव्हती, तुम्ही छापून त्यांची जादू मोडलीत, आता ती कोणी म्हणणार नाही, आणि वर ती धड लिहिलेलीही नाहीत की धड मांडलेलीही नाहीत.

ही तक्रार गाण्यांविषयीच्या लेखनात इतकी उद्धृत होते की तिचा पहिला भाग सगळ्यांना पाठ असतो आणि शेवटचा कोणी फारसा मनावर घेत नाही. मला शेवटचाच भाग मोलाचा वाटतो. छापल्याने जादू जाते हे भाकीत आहे आणि ते पूर्णपणे खरे ठरले नाही: दीडशे वर्षांनी, १९५३ मध्ये, हॅमिश हेंडरसन या संग्राहकाला ॲबर्डीनमध्ये जीनी रॉबर्टसन भेटली आणि तिच्या तोंडी जुनी कथागीते थेट परंपरेतून आलेली होती. 'धड लिहिलेली नाहीत' हे मात्र भाकीत नसून परीक्षण आहे. आपले गाणे कसे असते हे पक्के ठाऊक असलेली एक बाई संपादकाचे काम तपासून त्यात चुका काढते आहे. हेर्डरच्या 'लोक' या कल्पनेत अशा बाईला जागा नाही, कारण तिथे लोक गातात, पण मत देत नाहीत.

२ ऑगस्ट

अमेरिकी अभ्यासक फ्रान्सिस जेम्स चाइल्ड यांचा १८८२ ते १८९८ दरम्यान निघालेला कथागीतांचा महासंग्रह फक्त चाळला. ३०५ गीते, प्रत्येकाचे पाठभेद, प्रत्येकाला क्रमांक. मेहनत थक्क करणारी आहे. पण बहुतेक सामग्री हस्तलिखितांतून आणि छापील कागदांतून आलेली असल्याने चाली जवळजवळ नाहीत. या प्रकल्पापुरते इतके पुरे.

११ ऑगस्ट

हा आठवडा कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या १९०३ च्या निबंधसंग्रहात गेला आणि आतापर्यंतच्या वाचनात हेच पुस्तक सर्वांत दाट निघाले. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या जीवनावरचे हे निबंध. प्रत्येकाच्या आरंभी एक कवितेचा उतारा आणि त्याखाली पाश्चात्त्य स्वरलिपीतील एकदोन ओळी. उतारे बहुतेक पाश्चात्त्य कवींचे, नावांसकट. स्वरांच्या ओळी मात्र गुलामगिरीच्या काळातील गाण्यांच्या आणि त्यांना ना शीर्षक, ना शब्द, ना नाव.

पहिल्यांदा हे पान पाहिले तेव्हा पाच रेघांवरचे ते काळे ठिपके सजावटीसारखे वाटले आणि डोळा सरळ खालच्या गद्यावर गेला. संग्रहातल्या अखेरच्या, शोकगीतांवरील निबंधाशी आल्यावर ड्यू बॉइस त्या ओळींचा उलगडा करतात आणि वाचकाला मागे जावे लागते. आपण ज्याच्यावरून नजर फिरवून पुढे गेलो तेच गाणे होते, हे तेव्हा ध्यानात येते. त्या शेवटच्या निबंधाच्या माथ्यावरचा उताराही कोणा प्रसिद्ध कवीचा नसून त्याच परंपरेतल्या गाण्याचे शब्द आहेत. पुस्तकाच्या मांडणीतूनच केलेला इतका अचूक युक्तिवाद मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

नाव गाळणे हा इथे अज्ञानाचा भाग नाही, तो डाव आहे. ज्याला गाणे येते त्याला दोन स्वरांत ओळख पटेल. ज्याला येत नाही त्याला आपले न येणे जाणवावे, अशी व्यवस्था आहे. हेर्डरच्या अनामिकतेपेक्षा ही अनामिकता वेगळी आहे, कारण इथे लिहिणारा गाणाऱ्यांपैकीच आहे. याची खूण त्याच निबंधात मिळते. ड्यू बॉइस यांच्या आजोबांच्या आजीला गुलामांच्या व्यापाऱ्याने पकडून आणले होते. ती मुलाला मांडीवर घेऊन एक आफ्रिकी गाणे म्हणत असे आणि ते दोनशे वर्षे घरात उतरत आले. शब्दांचा अर्थ कोणालाच कळत नव्हता, सुरांचा अर्थ मात्र नीट कळत होता, असे ते लिहितात आणि ते गाणे स्वरलिपीसह छापतात. माझे चारही रकाने इथे एका कुटुंबात भरतात.

संदर्भासाठी आणखी दोन गोष्टी. या गाण्यांचा पहिला मोठा छापील संग्रह १८६७ चा असून कागद आणि छपाईचे खिळे यांनी मूळ गायनाची अंधूक छाया तेवढी पोहोचते, असे त्याच्या संपादकांनीच प्रस्तावनेत म्हटले आहे. पुढे १८७१ पासून कृष्णवर्णीयांसाठीच्या फिस्क विद्यापीठाच्या विद्यार्थी गायकांनी हीच गाणी मैफलीच्या मंचावर नेली आणि दौऱ्यांतून संस्थेसाठी दीड लाख डॉलर उभे केले, असा आकडा ड्यू बॉइस देतात. शेतातले गाणे सभागृहात गेले की ते खोटे होते का? ड्यू बॉइस या गायकांकडे अभिमानाने पाहतात, पण त्यांची नक्कल करणाऱ्या मंडळ्यांचा त्यांना राग आहे. म्हणजे ठिकाण बदलण्याला त्यांची हरकत नाही. कोण गातो यावर सगळे अवलंबून आहे.

२० ऑगस्ट

इंग्लंडमधील लोकगीत-संग्राहक सेसिल शार्प. सप्टेंबर १९०३ मध्ये सॉमरसेटमधल्या हॅम्ब्रिज गावी जॉन इंग्लंड नावाचा माळी गवत कापता कापता गात असताना शार्पने त्याचे गाणे टिपून घेतले आणि त्याच संध्याकाळी पियानोच्या साथीवर ते एका गायिकेकडून म्हणवूनही घेतले. त्या वेळी हजर असलेल्या कोणीतरी म्हटले की या गाण्याला आज प्रथमच समारंभाचा पोशाख चढला. शेरा कौतुकाने केलेला होता की खवचटपणे, हे समजायला मार्ग नाही. वर्णन म्हणून तो चोख आहे.

इंग्रजी लोकगीतांवरील त्याच्या १९०७ च्या पुस्तकात शार्पने तीन तत्त्वे मांडली: सातत्य, बदल आणि निवड. गाणे कोणीतरी एकजण सुरू करतो, गाणारे ते बदलत जातात आणि कोणते बदल टिकावेत हे समाज ठरवतो. हेर्डरच्या धूसर उत्साहापेक्षा हे कितीतरी स्वच्छ आहे. १९५४ मध्ये आंतरराष्ट्रीय लोकसंगीत परिषदेने स्वीकारलेली व्याख्याही याच तीन तत्त्वांवर उभी होती.

माझा प्रतिसाद 'निवड' या टप्प्यावर अडतो. समाज निवडतो म्हणजे नेमके कोण निवडते? कोणते कडवे ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे प्रत्येक वेळी एक विशिष्ट माणूस एका विशिष्ट क्षणी ठरवत असतो. त्या हजारो निर्णयांची बेरीज समाजाच्या खात्यावर मांडली की हिशेब सोपा होतो, पण निर्णय घेणारे नाहीसे होतात. शिवाय संग्राहकही निवडतोच. १९०६ मध्ये बेअरिंग-गूल्ड या दुसऱ्या संग्राहकाबरोबर शार्पने शाळांसाठी जो संग्रह काढला त्यात शब्द मुलांना चालतील असे सौम्य केले आणि पियानोची साथ जोडली. ही निवड समाजाने केलेली नव्हती. शार्पच्या बाजूने हेही नोंदवले पाहिजे की त्याच्या टिपणवह्यांत आणि नंतरच्या, अमेरिकेच्या अपालेशिया या डोंगराळ भागातील संग्रहात गाणाऱ्याचे नाव आणि ठिकाण नियमाने दिलेले आहे. वही प्रामाणिक होती. पाठ्यपुस्तकासाठी मात्र गाण्याला चापूनचोपून बसवले गेले.

२७ ऑगस्ट

संगीतकार पर्सी ग्रेंजरने १९०६ मध्ये इंग्लंडमधील लिंकनशरमध्ये मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रण सुरू केले आणि १९०८ मध्ये फोनोग्राफ या ध्वनिमुद्रण यंत्राने संग्रह करण्याबद्दल एक दीर्घ लेख लिहिला. मुद्रित गाणे त्याने स्वरलिपीत उतरवलेले एक पान दिवसभर समोर ठेवले होते. एकाच गाण्याची कडवी सलग, प्रत्येक कडव्यात ताल मोडून वेगळा, मात्रांचे आकडे दर एकदोन ओळींनी बदललेले, स्वरांवर बारीक हरकतींची दाटी. अशा पानावरून गाणे म्हणणे जवळजवळ अशक्य आहे. समकालीनांची तक्रार हीच होती की हे फार झाले. शार्पला तर यंत्रापेक्षा प्रशिक्षित कानावर अधिक भरवसा होता, कारण कान गाण्यातले मुख्य ते उचलतो आणि यंत्र सगळेच उचलते.

ग्रेंजरचे उत्तर या लेखातले सर्वांत चांगले आहे. दर कडव्यात होणारे बदल म्हणजे म्हाताऱ्या गायकाच्या घशाचा दोष किंवा विसरभोळेपणा नव्हे. ती त्याची कला आहे, आणि प्रत्येक गायकाची वेगळी आहे. म्हणून तो गायकांची नावे तर देतोच, पण त्यांच्या गाण्याच्या लकबींचे वर्णनही एखाद्या मैफलीच्या समीक्षकाने करावे तसे करतो.

त्याचा आवडता गायक जोसेफ टेलर, सत्तरीच्या पुढचा. त्याने 'ब्रिग फेअर' म्हटलेले १९०८ चे मुद्रण आज ऐकले. दोनच कडवी, साथ नाही, खरखर भरपूर. आवाज वयाच्या मानाने विलक्षण मोकळा, आणि ओळीच्या मध्येच स्वराला दिलेले बारीक हेलकावे इतके सहज की पहिल्या ऐकण्यात ते निसटतात. स्वरलिपीचे ते किचकट पान शेजारी ठेवून ऐकल्यावर एकेक हेलकावा कानाला सापडू लागला. कागद गाण्याला मारतो असे म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग करून पाहावा. इथे कागदानेच मला ऐकायला शिकवले.

याच चालीवर इंग्रज संगीतकार फ्रेडरिक डिलियसने १९०७ मध्ये वाद्यवृंदासाठी रचना केली आणि ती ग्रेंजरला अर्पण केली. रचना सुंदर आहे. टेलरचे हेलकावे तिच्यात नाहीत, आणि ते असावेत अशी अपेक्षा धरणेही योग्य नाही. ती डिलियसची आहे आणि तिच्यावर डिलियसचे नाव आहे.

६ सप्टेंबर

इतके युरोपीय वाचन झाल्यावर मराठीकडे वळताना पहिली जाणीव झाली ती अशी की आपल्या परंपरेत हेर्डरच्या अटीला घरातूनच उत्तर आहे. अभंग शतकानुशतके कानांनी शिकला आणि गळ्यांनी जपला गेला. वारीत चालत म्हटला गेला, कीर्तनात उभा राहून म्हटला गेला. तरी त्याच्या शेवटच्या चरणात नाव असते. 'तुका म्हणे' किंवा 'म्हणे नामयाची जनी' ही नाममुद्रा गाण्याच्या अंगातच विणलेली असल्याने गाणाऱ्याला ती गाळता येत नाही. जात्यावर बसलेली, अक्षर न ओळखणारी बाईही जनाबाईचे नाव घेतल्यावाचून तिचा अभंग पुरा करत नव्हती. मौखिक म्हणजे अनामिक, हे समीकरण इथे टिकत नाही.

नाममुद्रेने सगळे प्रश्न सुटतात असेही नाही. 'नामा' ही मुद्रा असलेल्या रचना एकाच नामदेवाच्या नाहीत. विष्णुदास नामा वेगळा, हे अभ्यासकांनी दाखवले आहे. मोठ्या नावाखाली नंतरच्यांनीही आपली रचना सोडून दिली. पण म्हणजे काय, तर आपले नाव पुसणे हीसुद्धा एका माणसाने विचारपूर्वक केलेली कृती होती.

पोवाड्यातही शाहीर स्वतःचे नाव गुंफतो. अफझलखानाच्या वधावरचा अज्ञानदासाचा पोवाडा सतराव्या शतकातला, आणि कर्त्याचे नाव आपल्याला कळते ते त्या पोवाड्यामुळेच. ब्रिटिश अधिकारी ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले आणि ॲक्वर्थने १८९४ मध्ये काहींचे इंग्रजी पद्यरूप काढले. स्कॉटच्या सरहद्दीवरील गीतांचे वळण इथे डोळ्यांपुढे येतेच. मात्र या संग्रहात माझा पहिला रकाना दुहेरी होतो: रचणारा शाहीर संहितेत आहे, पण पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते म्हणणारे गोंधळी अनामच राहिले.

१८ सप्टेंबर

जात्यावरच्या ओव्या. साने गुरुजींनी आणि पुढे सरोजिनी बाबर यांनी केलेली संकलने मराठी वाचकाला परिचित आहेत. ही कामे झाली नसती तर या नोंदीला विषयच नसता. पण वाचताना असे दिसते की ओवी बहुतेक वेळा विषयाखाली येते: भाऊ, माहेर, सासर, लेक. ओवी कोणत्या बाईची, हे वाचकाला क्वचितच समजते. मराठी स्त्रीचे मन, असा एक सामुदायिक आवाज त्यातून तयार होतो आणि तो आपल्याला इतका सवयीचा झाला आहे की त्यात एका बाईने दुसरीपेक्षा वेगळे काही म्हटले असेल, असा संशयही येत नाही.

'पहिली माझी ओवी' या परंपरागत सुरुवातीकडे मी या निमित्ताने पुन्हा पाहिले. ती प्रत्येक बाई म्हणते, म्हणजे ती कोणा एकीची नाही. आणि प्रत्येक बाई 'माझी' म्हणते, म्हणजे ती त्या वेळेपुरती तिचीच आहे. या ओळीनंतर कोणाला पहिली ओवी द्यायची, देवाला, आईला की भावाला, हे ती ठरवते. शार्पची 'निवड' इथे उघड्यावर होते. जात्याच्या फेऱ्यावर, शेजारच्या बाईने पुढची ओवी उचलण्याच्या आत ती करावी लागते.

हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यातून चालवलेल्या कामात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आणि त्या संग्रहात ओवीबरोबर गाणारीचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा नोंदवलेला असतो. बऱ्याच ओव्यांची ध्वनिमुद्रणेही आहेत. त्यामुळे एकाच प्रकारच्या ओवीत एका गावची बाई सीतेच्या वनवासाची कड घेते आणि दुसऱ्या गावची बाई आंबेडकरांचे नाव घेते, हा फरक नावागावासकट समोर येतो. गिरण्या आल्या, जाते थांबले आणि ओवी कामातून सुटली. ती घडामोड संग्राहकांनी घडवलेली नाही. पण थांबत आलेले गाणे उतरवताना गाणारीला सोबत आणायचे की नाही, हे त्यांच्या हातात होते आणि या दोघांनी ते केले.

या पद्धतीवर एक आक्षेप मात्र नोंदवतो. विषयवार वर्गीकरणात एका बैठकीतल्या ओव्या वेगवेगळ्या कप्प्यांत जातात. सीतेपासून सुरू करून ती बाई स्वतःच्या लेकीवर कशी आली, हा प्रवास वाचकाला स्वतः जुळवून पाहावा लागतो. नाव असल्यामुळे तो जुळवता तरी येतो.

२५ सप्टेंबर

मार्गदर्शक बाईंशी झालेल्या चर्चेत त्यांनी माझ्या मांडणीवरचा सर्वांत वजनदार मुद्दा काढला. कर्त्याचे नाव ही छापखान्याच्या आणि स्वामित्वहक्काच्या जगातली गरज आहे. जी बाई 'ही ओवी माझ्या आईकडून आली' असे म्हणते, तिच्यावर कर्तृत्वाचा शिक्का मारणे म्हणजे हेर्डरने लादलेल्या एका कल्पनेऐवजी दुसरी कल्पना लादणे होय.

मुद्दा खरा आहे, पण तो कर्त्याच्या नावाला लागू होतो, गाणाऱ्याच्या नावाला नाही. 'अमुक बाईंनी म्हटली' हे विधान ओवी त्यांनी रचली असा दावा करत नाही. त्या दिवशी, त्या रूपात, ती कोणाच्या तोंडून आली एवढेच सांगते. आईकडून आली, हेही त्यातच लिहिता येते, किंबहुना नाव असेल तरच लिहिता येते. त्यांचा दुसरा मुद्दा मी जसाच्या तसा स्वीकारला: नाव छापण्यापूर्वी गाणारीची संमती हवी, कारण सासरविषयीची एखादी बोचरी ओवी नावासह छापली गेली तर तिची किंमत तिला घरात मोजावी लागेल. जिथे बाईने नाव नको म्हटले असेल तिथे 'नाव राखून ठेवले आहे' असे लिहायचे. रिकामी जागा आणि राखलेली जागा यांत फरक दिसला पाहिजे.

३ ऑक्टोबर

अहवालाच्या परिशिष्टाची मांडणी आज पक्की केली. प्रत्येक गाण्याच्या वर चार ओळी येतील आणि गाण्याचे शीर्षक त्यांच्या खाली. सर्पगीतासाठी पहिली ओळ 'नोंदवलेले नाही' अशी राहील. ड्यू बॉइस यांच्या स्वरओळींना मी नाव देणार नाही, कारण ते न देणे त्यांच्या मांडणीचा भाग आहे. फक्त तसे का केले ते तळटीपेत येईल. ओव्या विषयवार न लावता गाणारीनिहाय लावायच्या आहेत, त्यामुळे अनुक्रमणिका लांबेल, त्याला इलाज नाही.

'ब्रिग फेअर'चा प्रश्न शेवटपर्यंत राहिला होता. टेलरला दोनच कडवी येत होती आणि ग्रेंजरने आपल्या गायनवृंदाच्या रचनेसाठी बाकीची दुसऱ्या गीतांतून घेऊन भरली. वाचायला पूर्ण गाणे अधिक बरे वाटते, म्हणून संग्रहांतून ते तसेच छापले जाते. परिशिष्टात टेलरच्या नावाखाली दोन कडवी येतील आणि भरलेली कडवी पुढच्या पानावर, ग्रेंजरच्या नावाखाली.